डोंगरीची काळी भुकटी

टॉर्चचे सेल मंद झाले तरी आमच्याकडे ते लगेच फेकत नसत. आधी दोन दिवस उन्हात ठेवायचे. मग आणखी एखादी रात्र शेतावर जाण्यापुरता उजेड मिळायचा. तोही संपला की सेल पोरांच्या ताब्यात. दगडाने वरचा पत्रा ठेचायचा, आतली कार्बनची कांडी ओढून काढायची आणि तिने दिसेल त्या भिंतीवर नावे लिहायची. कांडी हेच खरे बक्षीस. तिच्याभोवतीची ओलसर काळी भुकटी बिनकामाची. ती बोटांना, चड्डीला, नाकाच्या शेंड्याला लागायची आणि साबणाने घासूनही दोन दिवस हटायची नाही. तशाच हाताने पाण्याच्या गुंडात पेला बुडवला म्हणून एकदा पाठीत धपाटाही बसला होता.

ती भुकटी म्हणजे मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड. त्यातली काही आपल्याच जिल्ह्याच्या जमिनीतून निघाली असेल, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितले नाही. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग नावाचे गाव आहे. तिथली उघडी खाण मँगनीजच्या ज्या प्रकारासाठी ओळखली जाते तो थेट सेलच्या कारखान्यांना लागतो, आणि खाणीजवळच सेलसाठी शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तयार करणारा कारखानाही आहे. याच तालुक्यातली चिखला ही खाण जमिनीखाली उतरत गेलेली. नागपूर, भंडारा, बालाघाट असा हा काळ्या दगडाचा पट्टा. १८९६ साली एका इंग्रजी सिंडिकेटने या भागात शोध सुरू केला, १९६२ मध्ये सरकार भागीदार झाले आणि आजची ‘मॉईल’ ही कंपनी उभी राहिली. भूवैज्ञानिक फर्मोर यांनी १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला. तेव्हा इथल्या एका खडकाला त्यांनी इथल्या रहिवाशांवरून नाव दिले: गोंडाइट. जगभरच्या भूविज्ञानाच्या पुस्तकांत गोंड समाजाचे नाव असे एका दगडाच्या रूपाने जाऊन बसले आहे.

खाणीतून निघणारे बहुतेक मँगनीज पोलादात जाते, थोडे सेलमध्ये. या प्रकरणाचा विषय मात्र त्याहून कितीतरी थोडे मँगनीज आहे, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेला मिलिग्रॅमचा एखादा अंश. एवढ्याशाने माणसाच्या वागण्यात काही फरक पडतो का?

भाषेला विचाराल तर उत्तर केव्हाच ठरलेले आहे. बेरकी माणूस ‘बारा गावचं पाणी प्यालेला’ असतो. नव्या सुनेला सासरचे पाणी मानवते किंवा बाधते. विज्ञानाला असे एका वाक्यात सुटता येत नाही. त्याचा या विषयातला सर्वांत जुना आणि ठळक पुरावा सापडतो तो एका जपानी विहिरीत, आणि तिथेही मूळ आहे ते सेलच.

१९४१ साली कावामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विहिरीची हकिकत छापली. तिचे पाणी पिणाऱ्या २५ माणसांपैकी १६ जण आजारी पडले होते. अंगात मरगळ, स्नायू ताठरलेले, हात थरथरणारे, आणि मनही ठिकाणावर नाही. काही दगावले, त्यांतल्या एकाने स्वतःचा जीव घेतला. शोध घेताना विहिरीलगत जमिनीत पुरलेले सुमारे ४०० जुने सेल सापडले. पाण्यात लिटरमागे सुमारे १४ मिलिग्रॅम मँगनीज निघाले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते ०.१ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ पर्यंत चालवून घ्यावे. म्हणजे त्या विहिरीत या सवलतीच्या मर्यादेच्याही सुमारे सत्तेचाळीसपट होते.

ही गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला भयंकर, म्हणून ती पुस्तकापुस्तकांतून फिरते. पण बारकाईने वाचणाऱ्यांना तिच्यात खटकणाऱ्या जागा दिसल्या आहेत. मँगनीजची बाधा हळूहळू चढते, महिने आणि वर्षे घेते. इथे माणसे फार झपाट्याने आजारी पडली. पाण्यातले मँगनीज कमी होण्याआधीच काहींना उतार पडला. मुलांना तर जवळपास काहीच झाले नाही. पाण्यात जस्तही भरपूर होते. म्हणजे विहीर विषारी होती हे नक्की, पण सगळे खापर एकट्या मँगनीजवर फोडता येत नाही.

मँगनीज मेंदूला बाधते ही माहिती मात्र त्याआधी शंभर वर्षांपासून होती, आणि ती पाण्यातून नव्हे, धुळीतून आली होती. १८३७ साली कूपर या डॉक्टरांनी स्कॉटलंडमधल्या मँगनीज दळणाऱ्या कामगारांची नोंद केली: पाय लटपटतात, चालताना पुढे झोक जातो, बोलणे अस्पष्ट होते. पुढे मोरोक्को आणि चिली इथल्या खाणींतून आणखी विचित्र वर्णने आली. हालचालींत बिघाड दिसण्याआधी माणूस स्वभावानेच बदलतो. कारण नसताना हसतो, तसाच रडतो, एकाएकी भांडायला उठतो, रात्र रात्र झोपत नाही. चिलीतल्या खाणकामगारांनी या अवस्थेला आपल्या भाषेत सरळ ‘मँगनीजचे वेड’ असे नाव दिले होते. डॉक्टरांच्या हातोडीला गुडघ्यात काही सापडण्याआधी घरच्या माणसांना मेंदूतला बिघाड कळतो, तो असा.

मग पाणी पिणाऱ्यांचे असे का होत नाही? उत्तर यकृतात आहे. अन्नपाण्यातून पोटात गेलेल्या मँगनीजपैकी शंभरातले तीन ते पाच भागच रक्तात शोषले जातात, आणि जास्तीचे यकृत पित्तावाटे परत आतड्यात सोडून देते. जकातनाकेच म्हणा. श्वासातून गेलेली धूळ हे नाके चुकवून रक्तात आणि तिथून मेंदूत पोचते. तिथे हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या खोलवरच्या गाठींमध्ये मँगनीज साचते. एमआरआयच्या चित्रात त्या गाठी उजळलेल्या दिसतात. यकृत निकामी झालेल्या रुग्णांच्या मेंदूतही तसाच उजळपणा दिसतो, जरी त्यांनी मँगनीजची खाण कधी पाहिलेली नसली तरी.

मँगनीज हे मुळात विष नाही, हेही इथेच सांगितले पाहिजे. हाडांना आणि कित्येक एन्झाइमांना ते लागते. मोठ्या माणसाला दिवसाला दोनेक मिलिग्रॅम. ते तांदळात आहे, चहात आहे, डाळीत आणि दाण्यांत आहे. तुमसरच्या बाजारातला तांदूळ रोज दोन वेळा खाणारा आणि चार कप चहा पिणारा माणूस पाण्यातून मिळेल त्यापेक्षा किती तरी जास्त मँगनीज ताटातून घेतो. मग पाण्याचीच काळजी कशाला?

कारण जकातनाके सगळ्यांचे सारखे नसते. तान्ह्या बाळाचे आतडे मोठ्यांपेक्षा जास्त मँगनीज आत घेते आणि त्याचे पित्त ते तितकेसे बाहेर टाकू शकत नाही. आईच्या दुधात मँगनीज अगदी कमी असते, पण पावडरीचे दूध कालवले की त्यात पाण्यातले सगळे उतरते. दुसरे कारण आपल्याकडे जास्त महत्त्वाचे आहे. आतड्यात लोह आणि मँगनीज एकाच दारातून आत येतात. लोहाची कमतरता असली की शरीर ते दार उघडे टाकते आणि लोहासोबत मँगनीजही जास्त शिरते. ज्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि लहान मुलांची स्थिती त्याहून वाईट आहे, तिथे परदेशी पोटांवर ठरवलेली मर्यादा जशीच्या तशी लागू पडेल असे मला वाटत नाही.

मुलांवरचा मोठा अभ्यास झाला तो बांगलादेशात. तिथे तो का झाला, याची पूर्वकथा आपल्यालाही ओळखीची आहे.

एके काळी आपल्या गावांत पाण्याचे भय म्हणजे पटकीचे भय. साथ आली की सरकारी माणूस यायचा आणि विहिरीत लाल औषध टाकायचा. दोन दिवस पाणी गुलाबी. ते लाल औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, अर्थात मँगनीजच! आग्र्याला काम करणाऱ्या हँकिन या शास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. पुढे टीसीएल पावडर आली. त्यानंतर मात्र सगळ्यांनी असा निष्कर्ष काढला की उघडी विहीरच नको. जंतू पोचणार नाहीत इतक्या खोलवरून पाणी काढावे. महाराष्ट्रात १९७२च्या दुष्काळाने या विचाराला घाई लावली. यंत्रे आली, गावोगाव बोअर पडले. त्यांच्यावर बसवायला टिकाऊ हातपंप हवा होता. तो घडवण्याच्या खटपटी जालना आणि सोलापूर इथल्या मिशनऱ्यांच्या कार्यशाळांत झाल्या, आणि तिथूनच पुढे देशभर गेलेला ‘इंडिया मार्क टू’ निघाला. विदर्भात त्याला अजून कोणी हातपंप म्हणत नाही. ‘बोरिंग’ म्हणतात.

बोरिंगने पटकी हटवली, पोरे वाचवली, बायकांच्या कमरेवरचा भार थोडा तरी हलका केला. त्याबद्दल उणा शब्द काढायचा नाही. पण खोल पाणी आणि उथळ पाणी यांचे रसायन वेगळे असते. हवेशी संबंध असला की मँगनीज घट्ट काळा दगड बनून राहते आणि पाण्यात विरघळत नाही. सेलमधली भुकटी पाण्यात टाकली तरी तळाशी बसते, ती यामुळेच. जमिनीच्या पोटात प्राणवायू संपलेल्या पाण्यात मात्र हेच मँगनीज रूप बदलते आणि मिठासारखे विरघळून जाते. रंग नाही, वास नाही, चव नाही. म्हणून बोरिंगच्या तोंडातून पडणारी धार नितळ दिसते. ती हवेला लागते, तासांनी किंवा दिवसांनी मँगनीज पुन्हा मूळ रूपावर येते आणि बादलीच्या आतल्या कडेला काळपट तपकिरी रेघ धरते. लोहाची रेघ तांबूस असते आणि लवकर उठते. मँगनीजची काळी, उशिरा येणारी आणि चिकट.

जंतूंच्या हिशेबात सर्वांत स्वच्छ ठरलेले पाणी खनिजांच्या हिशेबात तसे ठरेलच असे नाही. बांगलादेशला हे आर्सेनिकने शिकवले. लाखो कूपनलिका झाल्यावर १९९०च्या दशकात त्यांतल्या कितीतरी नलिकांत ते विष असल्याचे उघड झाले, आणि आर्सेनिक मोजता मोजता मँगनीजही सापडले. ढाक्याजवळच्या आराइहाजार भागात वासरमन आणि सहकाऱ्यांनी १४२ दहा वर्षांच्या मुलांची बौद्धिक चाचणी घेतली. २००६ मध्ये निष्कर्ष आला: घरच्या पाण्यात मँगनीज जितके जास्त, तितके गुण कमी. तिथल्या पाण्यातले सरासरी प्रमाण लिटरमागे जवळपास ०.८ मिलिग्रॅम होते.

वागण्याविषयीचा अभ्यास त्यानंतरचा, २०११ मधला. त्याची पद्धत मला विशेष आवडते. आठ ते अकरा वर्षांच्या २०१ मुलांच्या वर्गशिक्षकांना एक ठरावीक प्रश्नावली दिली. मूल मारामारी करते का, नियम मोडते का, की उलट गप्प राहते, घाबरते, एकटे पडते? शिक्षकांनी आपापल्या वर्गातली मुले डोळ्यांसमोर आणून खुणा केल्या. मग त्या खुणा घरच्या पाण्याच्या अहवालाशी लावून पाहिल्या. जास्त मँगनीजचे पाणी पिणाऱ्या मुलांमध्ये दोन्ही प्रकारच्या तक्रारी जास्त निघाल्या, दांडगाईच्या आणि कुढण्याच्याही. आपल्या शाळांत अशा मुलाला पहिल्या बाकावर बसवतात, कान धरतात किंवा बापाला बोलावतात. त्याच्या घरचे पाणी कोण विचारणार?

याच वर्षी कॅनडातल्या क्वेबेकमधून आणखी एक निकाल आला. तिथली पोटे भरलेली, दवाखाने चांगले, आर्सेनिकचा प्रश्न नाही. मेरिझ बुशार आणि सहकाऱ्यांनी ६ ते १३ वर्षांची ३६२ मुले तपासली. नळाला सर्वांत जास्त मँगनीज येणारा गट आणि सर्वांत कमी येणारा गट यांच्या बुद्ध्यंकात ६.२ गुणांचा फरक निघाला, आणि तो सर्वांत वरचा गटसुद्धा बहुतांशी आपल्या ०.३च्या मर्यादेत बसणारा होता. जेवणातल्या मँगनीजचा मात्र बुद्ध्यंकाशी संबंध दिसला नाही. तांदूळ, चहा निर्दोष ठरले आणि पाणी संशयित. अन्नातले तंतू आणि इतर घटक मँगनीजला बांधून ठेवतात, रिकाम्या पोटी प्यालेल्या पाण्यात ते मोकळे असते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये बाटलीच्या दुधावरची बाळे डोळ्यांपुढे ठेवून ०.०८ मिलिग्रॅम हे तात्पुरते मार्गदर्शक प्रमाण दिले. पूर्वी त्यांचाच आकडा ०.४ होता.

मोठ्या माणसांच्या बाबतीत चित्र इतके सरळ नाही. ग्रीसमधल्या तीन गावांत १९८९ साली पाहणी झाली तेव्हा लिटरला दोनेक मिलिग्रॅम मँगनीज पिणाऱ्या म्हाताऱ्यांत मज्जासंस्थेच्या तक्रारी जास्त आढळल्या. सहा वर्षांनी जर्मनीत साधारण तसेच पाणी वर्षानुवर्षे प्यालेले लोक तपासले. फरक काहीच नाही. दोन्ही अभ्यास छोटे. ज्याला भीती पसरवायची तो पहिला सांगतो, ज्याला प्रश्न झटकायचा तो दुसरा.

आणि ऑस्ट्रेलियातल्या ग्रूट आयलंडची गोष्ट तर प्रत्येक खाणपट्ट्यातल्या माणसाने ऐकावी अशी आहे. मँगनीजने भरलेले बेट, मोठी खाण, शेजारी अंगुरुगू ही आदिवासी वस्ती. वस्तीतल्या काही घरांत माणसे चालताना झोकांड्या खायची, हळूहळू अंथरुणाला खिळायची. १९८०च्या दशकात संशोधक आले आणि त्यांनी बोट दाखवले ते अर्थातच मँगनीजकडे. काळा दगड पायाखालीच होता. आणखी कारण काय शोधायचे? पुढे जनुकांची तपासणी झाली आणि तो माचाडो-जोसेफ नावाचा आनुवंशिक आजार निघाला. आईबापांकडून मुलांत उतरणारा. मँगनीजचा त्यात हात नव्हता.

म्हणून तुमसरकडे बोट दाखवताना मी हात आखडता घेतो. दगड आहे म्हणून पाण्यात उतरलाच असे होत नाही. खडकात प्राणवायू पोचत असेल तर खाणीला लागून असलेली विहीर मँगनीजच्या बाबतीत साफ असू शकते. उलट जिथे खाणीचे नावही नाही, अशा लाखांदूर किंवा पवनीच्या बाजूच्या एखाद्या गाळाच्या जमिनीत, कुजलेल्या पानापाचोळ्याने प्राणवायू खाऊन टाकलेला असेल, तर तिथल्या बोरिंगमध्ये ते विरघळलेले निघू शकते. तळ्याच्या तळाशीही हेच घडते. उन्हाळ्यात वरचे पाणी तापते, खालचे गार थर तसेच पडून राहतात, तिथला प्राणवायू संपतो आणि गाळातले मँगनीज सुटू लागते. कोहळी समाजाने बांधलेले शेकडो मामा (माजी मालगुजारी) तलाव ज्या मुलखात आहेत, तिथे पाणी कोणत्या थरातून उचलायचे हा प्रश्न खाणीच्या अंतरापेक्षा महत्त्वाचा ठरू शकतो.

लिथियमबद्दल दोन शब्द. पाण्यातल्या खनिजांवर कोणी बोलू लागले की त्याची हमखास आठवण निघते. जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादाच्या रुग्णांवर लिथियम वापरले आणि ते औषध आजही दिले जाते. १९९० मध्ये टेक्सासच्या २७ काउंटींचे आकडे आले: पाण्यात लिथियम जास्त तिथे आत्महत्या आणि खून कमी. जपान, ऑस्ट्रिया इथूनही आत्महत्यांबद्दल तसेच निकाल. मग डेन्मार्कने ३७ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या आणि तिथे संबंध सापडला नाही. औषधाच्या मात्रेच्या जवळपास हजारावा भाग पाण्यात असतो. तेवढ्याने गावे शांत होत असती तर फार बरे झाले असते, पण मला ते पटत नाही. मँगनीजचे वेगळे आहे: तिथे मुले एकेक करून तपासली आहेत, नुसती जिल्ह्यांची सरासरी जुळवलेली नाही.

पाण्याची पारख गावातल्या बायका आधीपासून करत आल्या आहेत. या बोरिंगच्या पाण्यात वरण शिजत नाही, त्या विहिरीच्या पाण्यात घोटलेले लोण्यासारखे होते. एका पाण्याचा चहा काळा पडतो, दुसऱ्याचा नाही. वरण जडपणा सांगते, चहा लोह सांगतो. मँगनीज सांगणारा पदार्थ स्वयंपाकघरात नाही. गावात पाणी तपासायला जी किट दिली जातात, त्यांत फ्लोराइड, नायट्रेट, लोह यांच्या कुप्या असतात. मँगनीजची सहसा नसते. ते प्रयोगशाळेतच मोजावे लागते. सापडले तर उपाय आहेत. पाणी उंचावरून फवारून हवेला लावायचे आणि वाळूतून गाळायचे. लोह एवढ्याने निघते, मँगनीज हट्टी असल्याने पुष्कळदा क्लोरीन किंवा थोडे परमँगनेटही घालावे लागते. तेच लाल औषध, मँगनीजनेच मँगनीज काढायचे. काट्याने काटा.

घरी एक करून पाहता येते. बोरिंगचे ताजे पाणी पांढऱ्या थाळीत उघडे ठेवायचे आणि दोन दिवस हलवायचे नाही. कडेला काळी रेघ आली तर बाटली घेऊन प्रयोगशाळा गाठायची. रेघ नाही आली म्हणून पाणी बिनधोक, असे मात्र नाही. थोडे प्रमाण डोळ्यांना दिसत नाही. आणि बाटली भरताना प्रयोगशाळेतून नायट्रिक आम्लाचे थेंब घातलेली बाटलीच मागून घ्यायची. साध्या बाटलीत भरलेले पाणी दोन दिवस एसटीच्या टपावर, मग दोन दिवस टेबलावर पडून राहिले, तर जी रेघ थाळीला धरली असती तीच बाटलीच्या आतल्या बाजूला धरते. तपासनीस वरचे नितळ पाणी घेतो, यंत्रात घालतो आणि मँगनीजच्या रकान्यात लिहितो: आढळले नाही.